साखरपुड्याची पोस्ट

नोकरी मागायला आलेल्या माणसाला “घरी कोण कोण असतं?” असं विचारायचं नाही, हे मी प्रमिलाक्कांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी माझाच घसा बसला. त्या दर वेळी मान हलवायच्या, “सरी, सरी” म्हणायच्या, आणि पुढचा उमेदवार खुर्चीत टेकतो न टेकतो तोच चष्मा कपाळावर सरकवून सुरू करायच्या, “बसा. पाणी घ्या. घरी कोण कोण असतं?” समोरचा कन्नड असेल तर कन्नडमध्ये, तमिळ असेल तर तमिळमध्ये, आणि कुठलाच नसेल तर स्वतःच्या खास हिंदीत. तो बिचारा सर्व्हर आणि डेटाबेसची उत्तरं घोकून आलेला असायचा. त्याच्यावर आत्या कुठे दिली आहे ते सांगायची वेळ यायची.

बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या कंपनीत नोकरभरतीचं काम बघणारे आम्ही सातआठ जण होतो. बाकीचे सगळे माझ्यासारखे, म्हणजे पुण्यामुंबईहून, लखनौहून, कोचीहून आलेले, एमबीए वगैरे केलेले. प्रमिलाक्का तेवढ्या इथल्याच. त्यांचे पूर्वज कधीतरी साताऱ्याकडून आले आणि मल्लेश्वरममध्ये भांड्यांचं दुकान घालून राहिले. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि बोलताना दोन्हींचा असा काला की पहिला महिनाभर मला अर्धं कळतच नसे. “पुणेकरीण, स्वल्प इकडे ये. हा मुलगा चांगला आहे म्हणून दिसतो, पण मिशी कशाला ठेवलाय काय की.” माझं नाव त्यांना ठाऊक होतं. तरी मी शेवटपर्यंत पुणेकरीणच राहिले. माणसाला त्याच्या गावावरून हाक मारायची, ही त्यांची जुनी खोड होती.

खोडीचं मूळ मला नंतर कळलं. आमच्या धंद्यात येण्याआधी प्रमिलाक्का कितीतरी वर्षं समाजाचं वधूवर सूचक मंडळ चालवत होत्या. दुकानाच्या माडीवर बसून त्यांनी बेंगळुरू, हुबळी, बेळगाव, सगळीकडची लग्नं जुळवली. त्यातलं एक लग्न नोकऱ्या लावून देणारी संस्था चालवणाऱ्या एका गृहस्थाच्या मुलीचं होतं. त्या मुलीचं काही केल्या जमत नव्हतं आणि अक्कांनी ते जमवलं. गृहस्थ म्हणाले, जी बाई माझ्या मुलीला स्थळ मिळवून देते तिला इंजिनिअर मिळवणं काय कठीण. अक्का त्यांच्याकडे लागल्या, आणि तिथून पुढे आमच्याकडे आल्या. काम बदललं आहे, असं त्यांना कधी कोणी नीट समजावून सांगितलं नसावं. त्यांच्या लेखी कंपनी म्हणजे वरपक्ष आणि उमेदवार म्हणजे स्थळ, आणि स्थळाची चौकशी तर करायलाच हवी.

ही चौकशी हे माझ्या डोकेदुखीचं मुख्य कारण. पूर्वी अक्का शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायच्या. आता त्यांच्या हाती मोबाइल आला होता. उमेदवाराचा बायोडेटा आला की त्या आधी समाजमाध्यमांवर त्याचं खातं शोधायच्या आणि पार तळापर्यंत जायच्या. कॉलेजची गॅदरिंग, गोव्याची सहल, चुलतभावाची मुंज, काही सुटायचं नाही. कंपनीचा नियम स्पष्ट होता की उमेदवाराच्या खाजगी खात्यांत डोकवायचं नाही. मी तो नियम छापून त्यांच्या टेबलाला चिकटवला. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

“अक्का, हे चूक आहे. माणसाचं खाजगी आयुष्य वेगळं, काम वेगळं.”

“खाजगी असतं तर लोकांना दाखवलं असतं काय गं? बघा म्हणून टाकलंय, मी बघते. न बघितलं तर त्यालाच वाईट वाटेल.”

 एकदा अशाच उत्खननात एका उमेदवाराच्या खूप जुन्या, समुद्रकिनाऱ्यावरच्या उघड्याबंब फोटोवर त्यांचं बोट पडलं आणि फोटोला लाल बदाम चिकटला. तो काढून टाकायचा, तर यांनी घाईघाईत पुन्हा दाबादाबी करून पुढच्याही फोटोवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात फोन आला. त्या माणसाची बायको विचारत होती की ही प्रमिला कोण. मी कपाळाला हात लावला. अक्कांनी मात्र फोन माझ्या हातातून घेतला, बाईंना आपलं वय सांगितलं, नातवंडं सांगितली, बोट जाड असल्याचं सांगितलं, आणि बराच वेळ गप्पा मारून शेवटी विचारलं, “तुम्ही स्वतः काय करता मा?” ती टेस्टिंगमधली निघाली. नवरा मुलाखतीत नापास झाला आणि बायको आमच्याकडे लागली. साहेबांनी अक्कांचं कौतुक केलं. मला तेव्हा जे वाटलं त्याला जळफळाट हाच शब्द आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. एवढं सगळं बघून त्यांनी कोणाला नाकारलं, असं मी पाहिलं नाही. उलटं मात्र पाहिलं. एका मुलीने आधीच्या कंपनीविरुद्ध उघड लिहिलं होतं, रात्रपाळीनंतर घरी सोडायला गाडी देत नाहीत म्हणून. आमच्या विभागाचे प्रमुख कपूर साहेब म्हणाले, ही नको, उद्या आपल्याविरुद्ध लिहील. मी गप्प बसले, कारण साहेबांना उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. अक्का म्हणाल्या, “सर, जो लड़की बोलती है ना, वो रहती है. चुप बैठने वाली चुपचाप चली जाती है.” आणि त्या मुलीला घ्यायलाच लावलं. वर कपूर साहेबांना हेही सुनावलं की आधी आपल्या गाड्या वेळेवर येतात का ते बघा.

त्यामुळे सोमवारचा प्रकार मला जास्तच हास्यास्पद वाटायचा. दर सोमवारी नव्याने रुजू झालेल्यांना कंपनीचे नियम समजावून सांगायचे, आणि त्यातलं समाजमाध्यमांविषयीचं प्रकरण वाचायचं काम अक्कांकडे होतं. कंपनीबद्दल कुठेही काही लिहिण्याआधी परवानगी घ्या, सहकाऱ्याचं नाव किंवा फोटो त्याच्या संमतीशिवाय टाकू नका, हे त्या खणखणीत आवाजात वाचायच्या. वाचून झालं की तिथल्या तिथे सगळ्यांना उभं करून फोटो काढायच्या आणि खाली उतरेपर्यंत तो जगाला दाखवूनही व्हायचा. खाली फुलं, समया, हात जोडलेली चित्रं, आणि इंग्रजीत ‘आमच्या कुटुंबात स्वागत’. कोणाच्या प्रतिक्रियेला उत्तर दिलं नाही असं व्हायचं नाही. कोणी नुसता अंगठा दाखवला तरी या लिहायच्या, ‘धन्यवाद, जेवलात का?’

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण अक्का रुजू होण्याची वाटसुद्धा बघत नसत. आमच्या धंद्यातलं एक जुनं दुखणं असं की माणूस आपल्याला हो म्हणतो, आपलं नेमणुकीचं पत्र खिशात टाकतो, आणि तेच पत्र दाखवून दुसरीकडे जास्त पगार मागतो. रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद. यावर आम्ही डोकी फोडत बसायचो. अक्कांकडे माडीवरचा उपाय तयार होता. लग्न जमलं की ते लगेच चारचौघांत जाहीर करायचं, म्हणजे दुसरी स्थळं आपोआप थांबतात. म्हणून जो उमेदवार डळमळीत वाटेल त्याने होकार दिला रे दिला की त्या त्याचा फोटो आणि नाव घालून ‘स्वागत’ टाकून द्यायच्या. ‘साखरपुडा’ हाच त्यांचा शब्द. “नागपूरचा साखरपुडा उरकला,” असं त्या मला सांगायच्या, आणि खरंच, तो माणूस मग सहसा हलत नसे. लाजेकाजेस्तव यायचाच.

मी दोनदा समजावलं. “अक्का, त्यांनी अजून जुन्या ठिकाणी राजीनामा दिलेला नसतो. तिथल्या साहेबांनी बघितलं तर?”

“मुलीकडच्यांना कळायचंच ना कधीतरी,” त्या म्हणाल्या. “आजच कळू दे.”

ज्या नागपूरकरावरून सगळं बिनसलं त्याचं नाव संदेश. तिशीतला, शांत, कामात पक्का. नुकतंच लग्न झालेलं, आणि बायको नागपूरच्या शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून त्याच्याकडे राहायला आलेली. हे अर्थातच अक्कांच्या पहिल्याच प्रश्नाला मिळालेलं उत्तर. त्याला आणखी एका कंपनीचं बोलावणं होतं आणि त्याचा पाय दोन्हीकडे होता. शेवटी त्याने आम्हाला हो म्हटलं, एवढंच सांगितलं की वर्षाचा बोनस हातात पडला की राजीनामा देतो, तोवर गवगवा नको. मी मान डोलावली. अक्कांनीही डोलावली. आणि मी जेवायला गेले तेवढ्यात यांनी साखरपुडा उरकून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या साहेबांनी त्याला खोलीत बोलावून फोनवर त्याचाच फोटो दाखवला. लॅपटॉप काढून घेतला, राजीनामा लिहून घेतला, बोनसचं नावही काढू नकोस म्हणाले. त्याचा अक्कांना फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. तो ओरडत नव्हता, ओरडला असता तर बरं झालं असतं. “मी एकच गोष्ट सांगितली होती तुम्हाला,” एवढं तो दोनतीनदा म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याने अक्कांना सगळीकडून बंद करून टाकलं. त्यांचा फोन लागेना, निरोप जाईना, त्याचं खातं दिसेना.

मी अक्कांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. आपल्या हौसेपायी माणसाची नोकरी घालवलीत, हे मात्र नक्की म्हणाले.  “आपल्याकडे लवकर येऊ दे त्याला. तारीख अलीकडे घेऊ,” असं म्हणून त्या कपूर साहेबांकडे गेल्या.

आणि त्याच आठवड्यात आमच्या परदेशी ग्राहकाने काम पुढे ढकललं. नव्या भरतीवर बंदी आली. रुजू न झालेल्यांची पत्रं मागे घ्या, असा हुकूम निघाला. बाकीच्या उमेदवारांचं फारसं बिघडलं नाही, कारण ते अजून जुन्याच जागी होते आणि तिथे कोणाला पत्ता नव्हता. संदेशचं तेवढं इकडचंही गेलं आणि तिकडचंही. घरात कमावतं कोणी उरलं नाही.

कपूर साहेबांनी अक्कांना पहिलं सांगितलं ते हे, की ती पोस्ट काढून टाका. ज्याला आपण घेतच नाही त्याचं स्वागत तिथे कशाला? कोणाही शहाण्या माणसाने निमूटपणे काढली असती. मीही अक्कांना तेच सांगितलं.

“बेड,” अक्का म्हणाल्या. नको, नाही, होणार नाही, या सगळ्यासाठी त्यांच्याकडे हा एकच कन्नड शब्द होता. “साखरपुडा मोडायचा झाला तर दोन्हीकडच्यांनी चारचौघांत सांगायचं असतं. गुपचूप फोटो काढला म्हणजे मोडला होत नाही.”

पोस्ट तशीच राहिली. इथवर ठीक होतं. पण त्यांना प्रत्येकाला उत्तर द्यायची सवय. खाली कोणीतरी सहज विचारलं, संदेश रुजू झाले का? अक्कांनी लिहिलं, ‘अजून नाही.’ दुसऱ्याने विचारलं, का नाही? अक्कांनी लिहिलं, ‘आम्ही पत्र मागे घेतलं. त्यांची जुनी नोकरी माझ्या चुकीमुळे गेली. प्रयत्न चालू आहेत.’ झालं. लोकांना असलं काही हवंच असतं. पोस्ट इकडून तिकडे फिरायला लागली, आणि जो विचारेल त्याला अक्का तितक्याच शांतपणे, खोटं न बोलता, उत्तर देत बसल्या. मुलाखतीला येणारे आम्हाला तोंडावर विचारू लागले की तुमचं पत्र खरं असतं ना.

संदेशला मी फोन केला, निदान माझा तरी लागत होता. तो म्हणाला, “मॅडम, त्या बाईंना सांगा, माझा तमाशा पुरे करा म्हणावं. दुसरीकडे मुलाखतीला गेलो तर तिथेही तेच विचारतात.” त्याचं काही चुकत नव्हतं. मी ते अक्कांना जसंच्या तसं सांगितलं. त्या खाली बघून म्हणाल्या, “म्हणेल. म्हणू दे.” पण थांबल्या नाहीत. मला त्या क्षणी त्यांचा फोन घेऊन खिडकीबाहेर फेकावासा वाटला.

अखेर त्यांना शिस्तभंगाच्या चौकशीला बोलावलं. अशा वेळी विभागातलं आणखी एक माणूस साक्षीला बसवायचं असतं, म्हणून मी बसले. कपूर साहेबांनी समाजमाध्यमांविषयीचे नियम वाचायला घेतले. अक्का म्हणाल्या, “सर, ये मुझे मुखपाठ है. मैं ही पढ़ती हूँ हर सोमवार.” मग त्यांनी पदर नीट केला, खुर्ची पुढे ओढली, आणि माझ्या लक्षात आलं की ही बाई चौकशीला आलेलीच नाही. ही लग्नाच्या बैठकीला बसली आहे. त्यांनी देण्याघेण्याचं बोलणं सुरू केलं. आमच्याच पलीकडच्या इमारतीत बँकेच्या कामावर एक जागा रिकामी आहे, ती बंदीत येत नाही, हे त्या आधीच काढून आल्या होत्या. संदेशला तिथे घ्या. तो आत आला की त्याच दिवशी पोस्ट निघेल, पुन्हा कधी एक अक्षर लिहिणार नाही. आणि नियम मोडल्याबद्दल कोणाला तरी घालवायला हवं असेल, तर माझा राजीनामा घ्या. मात्र आधी त्याची तारीख, मग माझा कागद.

कपूर साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि मान डोलावली. त्यांना दोन्ही गोष्टी हव्या होत्या, आणि दोन्ही मिळत होत्या.

बाहेर आल्यावर मी अक्कांना थांबवलं. “अक्का, राजीनाम्याचं तुम्ही आपण होऊन कशाला बोललात? नुसती पोस्ट काढते म्हटलं असतं तरी ते तयार झाले असते.”

“झाले असते,” त्या म्हणाल्या. “पण मग चार महिन्यांनी त्याला कमी केलं असतं. आता त्याच्यापायी एक माणूस घालवलंय म्हणून त्यांना लक्षात राहील.”

संदेश रुजू झाला, त्याच दिवशी पोस्ट निघाली, आणि अक्का घरी गेल्या. भरतीवरची बंदी उठली म्हणून बोलावलं, अशीच त्याची समजूत होती, आणि ती दुरुस्त करायला कोणी गेलं नाही. तो चांगलं काम करतो. बायकोलाही इथल्या एका शाळेत जागा मिळाली. पण जेवणाच्या टेबलावर कोणी हसत हसत प्रमिलाक्कांची आठवण काढली की तो डबा बंद करून उठतो. एकदा माझ्या देखत म्हणालाही, “बरं झालं त्या बाईंना काढलं ते. अजून कोणाकोणाचं वाटोळं केलं असतं.”  

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी मल्लेश्वरमला गेले होते, आणि अक्का आपल्या दुकानाच्या पायरीवर उभ्या दिसल्या. गल्ल्यावर मुलगा होता, या गिऱ्हाईक सांभाळत होत्या. मला बघताच हाताला धरून बाजूला घेतलं आणि इकडचं तिकडचं काही न विचारता म्हणाल्या, “नागपूरचा फोटो आहे काय गं तुझ्याकडे? मला दिसत नाही त्याचं.”

मी फोन काढला. संदेशने कार्यालयातल्या नव्या जागेवर बसून काढलेला एक फोटो टाकला होता. अक्कांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. यावेळी बोट कुठे लागू नये म्हणून जपत होत्या. “स्वल्प वाळलाय,” म्हणाल्या. “बाकी बरा आहे.”

माझा संयम सुटला. “अक्का, तो तुम्हाला काय काय बोलतो ठाऊक आहे? मी उद्या त्याला सगळं सांगणार आहे. बैठकीत काय झालं ते मी ऐकलंय.”

“सांगायचं नाही.” आवाज एकदम सोमवारचा झाला. “माझ्यापायी त्याची नोकरी गेली, हे त्याला ठाऊक आहे, आणि ते खरं आहे. पुढचं सांगितलंस तर तो इथे आभार मानायला येईल. त्याच्या बायकोला घेऊन येईल. मग मी त्या दोघांकडे कुठल्या तोंडाने बघू?”

एवढं बोलून त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. आत कुणीतरी कुकरचा भाव विचारत होतं. “आले, आले,” म्हणत त्या पायरी चढल्या, आणि मी रस्त्याकडे वळेपर्यंत कुकरचं झाकण हातात घेऊन समजावून सांगायलाही लागल्या होत्या.